गरम बीटल ‘टक्’ करून गप्प बसते: सेल्फ बदलण्याआधी काय काय तपासायचं

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमच्या जुन्या फोक्सवॅगन बीटलचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल.

सकाळी थंड गाडी एका चावीत सुरू होते. तासभर छान पळते. तुम्ही पेट्रोल भरायला थांबता, दहा मिनिटांनी परत चावी फिरवता आणि मागून फक्त ‘टक्’ असा एक आवाज येतो. कधी तोही येत नाही. डॅशचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, काही फिरत नाही. आठ-दहा वेळा चावी फिरवली की एखाद्या वेळी अचानक उचलते. नाहीच उचलली तर अर्धा-पाऊण तास थांबायचं. इंजिन निवलं की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. गॅरेजपर्यंत नेता नेता ती थंड होते, तिथे झोकात चालते आणि तुमच्या तक्रारीवर कुणाचा विश्वास बसत नाही.

चावी फिरवल्यावर दिवे एकदम मंदावत असतील, किंवा सेल्फ कण्हत-कुंथत फिरत असेल, तरी हा लेख कामाचा आहे. पहिल्या तीन तपासण्या तुमच्यासाठीच आहेत. पण सेल्फ जोरात फिरतो आणि इंजिन पेट घेत नाही, असं असेल तर तो आजार वेगळा. त्यात पेट्रोल आणि ठिणगी बघावी लागते, इथे त्याचं उत्तर नाही. आणि सेल्फ नुसताच गरगरतोय, इंजिन हलत नाही, किंवा दातावर दात खरवडल्यासारखा आवाज येतोय, तर पुन्हा चावी फिरवू नका आणि सरळ शेवटच्या भागाकडे जा.

माझी गाडी 1972 ची बीटल 1200 आहे. 34 अश्वशक्ती, 12 व्होल्ट, ताशी 115 किलोमीटरच्या वर जायची तिची प्रकृतीच नाही. जर्मनीत हिला ‘केफर’ म्हणतात, म्हणजे भुंगाच. 2009 मध्ये श्टुटगार्टमध्ये शेजारच्या आजींकडून ती घेतली तेव्हा चाव्या देताना त्यांनी एकच गोष्ट बजावली. “गाडी लावताना नाक कायम उताराकडे ठेवा.” श्टुटगार्ट वाटीसारखं आहे, चारी बाजूंनी चढण, त्यामुळे मला वाटलं इथली पद्धत असेल. तीन आठवड्यांनी गाइसलिंगनची चढण चढून वर आल्बच्या पठारावर आले, पेट्रोल भरलं, चावी फिरवली आणि ‘टक्’. तिथे सपाटी होती. दोन ट्रकवाल्यांनी धक्का दिला तेव्हा घरी पोचले.

गाडीच्या समोरच्या कप्प्यात आजींच्या यजमानांची छोटी वही होती. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, किलोमीटर, किंमत. 2001 पर्यंत मार्कमध्ये, पुढे युरोमध्ये, अक्षर मात्र तेच बारीक आणि सरळ. त्या रात्री मी वही नीट वाचली. जुलै 1983 मध्ये एका नोंदीपुढे पहिल्यांदा ‘वार्म’ असा शब्द दिसला. वार्म म्हणजे गरम. मग पुढच्या उन्हाळ्यात दोनदा, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पाचदा. मध्ये दोन ठिकाणी ‘नवा सेल्फ’ अशी नोंद आणि त्यानंतर काही महिन्यांनी पुन्हा ‘वार्म’. उताराकडे नाक का, ते मला तेव्हा उमगलं. त्या माणसाने पंचवीस वर्षं हे दुखणं सोसलं आणि तरी गाडी सोडली नाही.

तेव्हापासून माझी आणि इथल्या ओळखीच्यांच्या मिळून नऊ बीटलमध्ये मी हाच बिघाड काढलाय. त्यात सेल्फ खरोखर खराब निघाला तो दोनदाच. बाकी सात ठिकाणी चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. म्हणून माझा आग्रह आहे की सेल्फ सर्वांत शेवटी उघडा.

गरम झाल्यावरच का?

हे समजलं तर पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप समजेल. बीटलचं इंजिन मागे आणि सेल्फ त्याच्या पुढच्या उजव्या अंगाला, गिअरबॉक्सच्या घेरात खोचलेला. शेजारीच एक्झॉस्ट आणि हीटरची गरम खोकी. गाडी पळत असते तोवर वाऱ्याने थोडं निवत राहतं. थांबलात की ती सगळी धग सेल्फच्या अंगात शिरते. सेल्फच्या डोक्यावर सॉलेनॉइड बसलेलं असतं, म्हणजे चावीच्या हुकमावर सेल्फ जोडणारा विद्युतचुंबकी स्विच, आत तांब्याच्या तारेची गुंडाळी. तांबं 80 अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे 30 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे तेवढ्याच व्होल्टला करंट कमी, ओढ कमी. थंडीत जेमतेम पुरणारी ओढ गरमीत अपुरी पडते.

आता ‘जेमतेम’ का, ते बघा. सॉलेनॉइडला हुकूम देणारा करंट बॅटरीतून निघतो, गाडीच्या पुढच्या टोकाला दिव्यांच्या स्विचकडे जातो, तिथून चावीच्या स्विचकडे आणि मग परत मागे सेल्फकडे येतो. चार मीटरच्या गाडीची जवळजवळ दोन वेळा लांबी, वाटेत पन्नास वर्षांचे जोड आणि घासलेले स्विच. सॉलेनॉइड पहिल्या झटक्याला 30 अँपिअरच्या आसपास मागतं. वाटेत 0.1 ओहमचा जादा रोध साचला तरी 3 व्होल्ट तिथेच मुरतात. नव्या गाडीत ही वाट स्वच्छ होती म्हणून कुणाला त्रास नव्हता.

ऑगस्ट 1967 च्या आधीच्या बहुतेक बीटल 6 व्होल्टच्या. त्यांना हाच त्रास दुपटीने होतो, कारण मुळात व्होल्टच कमी. पुण्या-मुंबईकडे ज्यांनी जुन्या 6 व्होल्टच्या जपल्यात त्यांच्याकडे वरून ऊनही आहे. पद्धत तीच वापरा, व्होल्टचे आकडे निम्मे धरा.

1. बॅटरी आणि तिची टर्मिनलं (फुकट, अर्धा तास)

बॅटरी मागच्या सीटखाली, उजव्या बाजूला. सीट उचलली की एक वास येतो. गाद्यांत काथ्या आणि केस रबरात बसवून भरलेले असतात, त्याचा तो वास. मी मालवणची. पहिल्यांदा सीट उचलली तेव्हा मला आजोळच्या पडवीत रचलेल्या सुंभाच्या वेटोळ्यांचा वास आला, ऐन जर्मनीत, फेब्रुवारीतल्या थंडीत. आजही काही काम नसताना कधी कधी सीट उचलते.

पण त्याच सीटकडे नीट बघा. खाली लोखंडी स्प्रिंगा आहेत आणि बॅटरी अगदी जवळ. मागे वजनदार माणूस बसला आणि बॅटरीवर झाकण नसेल तर स्प्रिंग टर्मिनलांना टेकते, ठिणगी पडते आणि काथ्या धुमसायला लागतो. अशा आगी खरोखर लागल्यात. झाकण नसेल तर आजच घ्या, तोवर जाड रबरी तुकडा घट्ट बांधा. बॅटरी तिच्या जागी पट्टीने आवळलेली आहे ना, तेही हलवून बघा.

मग मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. अर्ध्या बॅटरीवर पुढचं काहीच तपासू नका, सगळे आकडे फसवे येतील. भरलेली बॅटरी सेल्फ फिरताना 10 च्या खाली जात असेल तर बॅटरी म्हातारी झाली, असं मी धरते.

टर्मिनलं काढताना आधी वजा, मग अधिक. लावताना उलट, आधी अधिक, शेवटी वजा. वरून स्वच्छ दिसणाऱ्या टर्मिनलाच्या आत करडा थर असतो. पॉलिश पेपरने शिसं चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. वजा केबलचं दुसरं टोक बॉडीला आवळलेलं असतं, त्याच्याखालचा पत्राही घासा. हे टोक लोक विसरतात.

2. चार्जिंग (फुकट, पाच मिनिटं)

इंजिन मध्यम गतीवर ठेवून बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. या गाड्यांत डायनॅमो आहे, तो नुसत्या आयडलवर फारसं देत नाही. हिवाळ्यात शहरातल्या शहरात, दिवे आणि मागची काच तापवत फिरलात तर बॅटरी रोज थोडी थोडी उतरते आणि दोष सेल्फवर येतो. आकडा कमी असेल तर पट्टा, कार्बन ब्रश, रेग्युलेटर या क्रमाने बघा.

3. गिअरबॉक्सची अर्थिंग पट्टी (अगदी स्वस्त, तासभर)

नऊपैकी तीन गाड्यांत हीच नडली. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटवर बसलेले असतात, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकापासून बॉडीला एक विणलेली तांब्याची पट्टी जोडलेली असते. सेल्फचा सगळा करंट परत येतो तो तिच्यातून. ती खाली, चिखलापाण्यात. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, ते तिच्या विणीत शिरतं. वरून पट्टी दिसते, आत हिरवी भुकटी. एका गाडीत तर ती बोटाने दाबली तेव्हा वाळल्या वेणीसारखी तुटून हातात आली.

तपासायला पट्टी काढायची गरज नाही. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या वजा खांबाला, दुसरं सेल्फच्या उघड्या धातूला. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि दुसऱ्या माणसाने चावी फिरवायची. सेल्फ फिरताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कच्ची. चांगल्या गाडीत 0.2 च्या आसपास दिसतं. पट्टी नवीच घाला, दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज काढा.

खाली शिरायचं तर नुसत्या जॅकवर कधीही नाही. पक्के स्टँड, सपाट जमीन, पुढच्या चाकांना अडण्या. आणि सेल्फजवळ पाना लावण्याआधी बॅटरीची वजा केबल काढा. बॅटरीतून सेल्फला येणाऱ्या जाड केबलला फ्यूज नाही, पाना आडवा पडला तर तो वितळेपर्यंत करंट थांबत नाही.

4. टर्मिनल 50 चा आकडा (फुकट, पण गाडी गरम हवी)

हीच खरी परीक्षा. सॉलेनॉइडवरचे दोन जोड ओळखा. जाड केबलचा 30, तिथे कायम करंट असतो, आणि बारीक वायरचा 50, तिथे चावी फिरवल्यावर येतो. माझ्याकडे एक लांब वायर आहे, ती 50 ला चिमट्याने लावून मागच्या खिडकीतून आत घेते आणि गाडी मनसोक्त फिरवून आणते. म्हणजे दुखणं सुरू झालं की तिथल्या तिथे मोजता येतं, गरम एक्झॉस्टशेजारी हात घालावा लागत नाही. वायर एक्झॉस्टपासून आणि चाकापासून दूर बांधा, आणि मोकळ्या टोकाला टेप लावा.

लेक चावी धरून ठेवते, मी वाचते. माझ्या गाडीचे त्या दिवशीचे आकडे वहीतच आहेत: बॅटरीवर 12.1, टर्मिनल 50 वर 8.3. जवळजवळ चार व्होल्ट वाटेत गायब. सेल्फपर्यंत पुरता हुकूमच पोचत नव्हता. आणि यासाठी दोनदा नवा सेल्फ बसवला गेला होता! रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

हा फरक दीड-दोन व्होल्टपेक्षा जास्त असेल तर पाचव्या पायरीवर जा. फरक किरकोळ असेल, 50 वर 11 च्या आसपास येत असतील आणि तरी नुसतं ‘टक्’, तर सहावी पायरी.

स्क्रूड्रायव्हर 30 आणि 50 वर टेकवून सेल्फ फिरवायची युक्ती बरेच जण सांगतात. मी करत नाही, तुम्हीही करू नका. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर अंगावर येते. आणि बीटलमध्ये जुने पेट्रोल पाइप झिरपणं नवं नाही, तिथे ठिणगी नको.

5. रिले (स्वस्त, एक दुपार)

वाट लांब आणि थकलेली आहे, तर सॉलेनॉइडचा भार तिच्यावरून काढून घ्यायचा. साधा 30 अँपिअरचा चार पायांचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) सेल्फजवळ, पण धग आणि पाणी लागणार नाही अशा जागी बसवा. मागच्या सीटखाली बॅटरीशेजारची जागा मला बरी वाटते. रिलेच्या पाय क्रमांक 30 ला बॅटरीच्या अधिककडून 4 चौरस मिलिमीटरची वायर, मध्ये 30 अँपिअरचा फ्यूज. 87 पासून तशीच जाड वायर सॉलेनॉइडच्या 50 ला. सॉलेनॉइडवरून काढलेली जुनी बारीक वायर लांबवून रिलेच्या 86 ला. 85 बॉडीला, घासलेल्या पत्र्यावर. 6 व्होल्टच्या गाडीला 6 व्होल्टचाच रिले लागतो, 12 चा तिथे ओढणारच नाही.

आता चावीतून जेमतेम एखादा दशांश अँपिअर जातो आणि सॉलेनॉइडला बॅटरीतून थेट पोटभर मिळतं. माझ्या गाडीत रिले बसवल्यावर गरम असताना 50 वर 11.4 आले. फ्यूज टाळू नका. ती वायर पत्र्यातल्या भोकातून जाते, भोकाला रबरी ग्रोमेट लावा, नाहीतर दोन वर्षांत कापली जाईल.

कुणी म्हणेल, चावीचा स्विचच का बदलत नाही? तो खूप झिजला असेल तर बदलावा लागतोच, पण त्यासाठी स्टिअरिंगच्या खांबाशी झटापट आहे आणि लांब वायर जुनीच राहते. चावी ढिली वाटत असेल, हलवल्यावर दिवे विझत असतील तर मात्र रिलेने काम भागणार नाही.

इंजिनाभोवतीची रबरी पट्टीही एकदा बघून घ्या. ती फाटली की खालची गरम हवा वर येते, पंखा तीच परत ओढतो आणि सगळंच जास्त तापतं.

6. सॉलेनॉइड, सेल्फ आणि बुश

इथवर सगळं ठीक आणि तरी ‘टक्’, तर सेल्फ काढावा लागतो. दोन बोल्ट आहेत. खालचा सोपा. वरचा इंजिनालाही धरून असतो आणि त्याच्यापर्यंत हात पोचणं जिकिरीचं. पहिल्यांदा करणाऱ्याने एकट्याने करू नये.

सेल्फ बाहेर आला की एक गोष्ट बघाच. त्याच्या दांड्याचं टोक सेल्फमध्ये संपत नाही, ते गिअरबॉक्सच्या घेरात दाबून बसवलेल्या एका छोट्या कांस्याच्या बुशमध्ये फिरतं. बुश झिजलं की दांडा लडबडतो, आतला फिरता भाग बाजूला घासतो आणि सेल्फ जड होतो, गरमीत जास्तच. सेल्फ बदलताना बुश तसंच ठेवलं तर नवा सेल्फही त्याच झिजल्या भोकात फिरणार. आजोबांच्या दोन नव्या सेल्फांचं हेही एक कारण असावं, कारण मी पाहिलं तेव्हा बुश अंडाकृती झालं होतं. मापाची खात्री करा, 6 आणि 12 व्होल्टच्या सेल्फचे दांडे वेगळ्या जाडीचे असतात. नवं बुश बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

इथे थांबा

बुश काढायला खास पुलर लागतो. तो नसेल तर छिन्नी घालून ठोकू नका, गिअरबॉक्सचं आवरण हलक्या मिश्रधातूचं आहे, तडा गेला तर खर्च कितीतरी पटीने वाढेल. हे काम जुन्या एअर-कूल्ड गाड्या करणाऱ्या मेकॅनिकला द्या.

दात खरवडल्याचा आवाज येत असेल किंवा सेल्फ नुसताच गरगरत असेल तरी थांबा. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, कड्याचे ज्यात सेल्फ अडकतो ते दात गेले असतील तर इंजिन उतरवावं लागतं. 6 व्होल्टची गाडी कुणी 12 वर नेली असेल तर आणखी सांभाळा. जुन्या कड्याला 109 दात, नव्याला 130. भलताच सेल्फ बसवलेला असू शकतो.

वायरचं आवरण वितळलेलं दिसलं, सीटखाली जळका वास आला किंवा इंजिनाच्या कप्प्यात पेट्रोलचा वास आला तर चावीला हातच लावू नका. बॅटरीची वजा केबल सोडवा आणि टोइंग बोलवा. पेट्रोलच्या वासात धक्का स्टार्टही नको.

एरवी रस्त्यात अडकलात तर धक्का स्टार्ट चालतो. इग्निशन चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडी पळत्या माणसाच्या वेगाला आली की क्लच सोडा. पाऊण टनाची गाडी आहे, दोन माणसं पुरतात. पण हायवेच्या कडेला, वाहत्या रहदारीत कुणालाही गाडीमागे उभं करू नका. तिथे कठड्यापलीकडे जाऊन मदतीची वाट बघायची.

मेकॅनिककडे जाताना हे आकडे कागदावर लिहून न्या: रात्रभर उभ्या बॅटरीचे व्होल्ट, सेल्फ फिरताना अर्थिंगवर किती, गरम असताना 50 वर किती. आणि गाडी गरमागरम न्या. आधी फोन करून वेळ ठरवा, चाळीसेक किलोमीटर फिरवून थेट त्यांच्या दारात उभी करा, दहा मिनिटं थांबा आणि चावी त्यांच्या हातात द्या, म्हणजे तो ‘टक्’ ते स्वतःच्या कानांनी ऐकतील.